पट्टीतला चोक
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

आमच्या गावाच्या नावात कंस आहे. सिंदी (रेल्वे). वर्ध्याला लागून दुसरी एक सिंदी आहे, सिंदी (मेघे). तिच्याशी घोटाळा होऊ नये म्हणून आमच्या सिंदीला रेल्वे चिकटली ती कायमची. नागपूरहून वर्ध्याकडे येताना बोरखेडी मागे पडलं की आमचं स्टेशन येतं. या गावात आणि आजूबाजूच्या खेड्यांत मी ३८ वर्षं वायरिंगची कामं केली. घरं केली, शाळा केल्या, जिनिंग केली, तान्ह्या पोळ्याच्या मांडवातल्या ट्यूबा तर किती वर्षं बांधल्या त्याचा हिशेबच नाही.

वायरमन म्हणजे घर बांधून झाल्यावर बोलवायचा माणूस, असा आपल्याकडे समज आहे. सेंट्रिंग होतं, लोखंड बांधलं जातं, स्लॅब पडतो, प्लास्टर होतं, आणि मग कुणाला तरी आठवतं, की अरे, लाइटवाल्याला सांगायचं राहिलं! आज ज्या वस्तूबद्दल बोलायचं आहे ती तर वायरमनहूनही उपेक्षित. ट्यूबलाइटच्या पत्र्याच्या पट्टीत लपलेली, बारीक गुणगुणणारी, हाताला गरम लागणारी वस्तू. आपण तिला चोक म्हणतो. इंग्रजीत तिला बॅलस्ट असा शब्द आहे. जहाज डोलू नये म्हणून त्याच्या तळाशी जे वजन भरतात तेही बॅलस्ट, आणि आमच्या स्टेशनात रुळांखाली जी खडी आहे तिलाही रेल्वेची माणसं बॅलस्टच म्हणतात. तिघांचं काम एकाच जातीचं, दुसऱ्याला ताळ्यावर ठेवायचं.

ट्यूबला ताळ्यावर ठेवायची गरज का पडते? साध्या पिवळ्या बल्बमध्ये तार असते. तार तापली की तिचा विरोध वाढतो आणि वीज आपोआप आवरली जाते. ट्यूबमध्ये तार नाही, विरळ वायू आणि थोडा पारा आहे. या वायूतून वीज वाहू लागली की त्याचा विरोध कमी होतो, म्हणून आणखी वीज वाहते, म्हणून विरोध आणखी कमी होतो. ट्यूबला सरळ २३० व्होल्टवर जोडलं तर क्षणात तिचा निकाल लागेल. चोक म्हणजे पातळ लोखंडी पत्र्यांच्या गठ्ठ्यावर गुंडाळलेली तांब्याची तार. ती वीज अडवून ठराविक मापानंच पुढे सोडते. ३६ वॅटच्या चार फुटी ट्यूबला हे माप साधारण ०.४३ अँपिअर.

चोकचं दुसरं काम ट्यूब पेटवण्याचं. बटण दाबलं की आधी स्टार्टर आतल्या आत जोडला जातो, ट्यूबच्या दोन्ही टोकांच्या तारा तापतात, आणि मग स्टार्टर एकदम उघडतो. वाहती वीज अशी अचानक तोडली की चोक झटका देतो. काहीशे व्होल्टचा तो झटका ट्यूब पेटवतो. टक, टक, टक, आणि लख्ख! ज्यांचं बालपण या टकटकीत गेलं त्यांना सांगायला नको. संध्याकाळी सातनंतर गावातली व्होल्टेज १७०-१८० वर उतरली की ही टकटक थांबतच नसे. मग घरातला कर्ता माणूस स्टुलावर चढून स्टार्टर फिरवी. पोरं पुस्तक उघडून वर बघत बसत.

आता जिनिंगची गोष्ट सांगतो. ती सांगितल्याशिवाय पुढचं सांगण्यात अर्थ नाही.

१९८६ सालचा फेब्रुवारी. कापूस एकाधिकार खरेदीचे दिवस होते. जिनिंगच्या आवारात कापसाच्या गंज्या घराएवढ्या उंच. आमच्या भागातल्या एका जिनिंगच्या शेडमध्ये मी तिशीच्या आत असताना वायरिंग केलं होतं. दिवाणजी म्हणाले, पट्ट्या महाग पडतात, काही स्वस्तात बसव. मीही हो म्हटलं. नुसते होल्डर लावले आणि चोक वर कैचीजवळ लाकडी फळीवर उघडे ठोकले. काम झकास दिसलं. पैसे वेळेवर मिळाले.

तिथे एक वयस्क हमाल होते, आम्ही त्यांना बाबाजी म्हणायचो. आठवडाभर आधी ते मला म्हणाले होते, "भाऊ, त्या कोपऱ्यातल्या ट्यूबची दोन्ही टोकं रातभर लाल राह्यते, मंधात उजेड काऊन नाही येत?" मी म्हटलं, ट्यूब म्हातारी झाली बाबाजी, बदलू. आणि विसरलो.

दोन्ही टोकं लाल आणि मधे अंधार, याचा अर्थ ट्यूब म्हातारी झाली एवढाच नाही. त्याचा अर्थ स्टार्टर आत चिकटला आहे. तो उघडत नाही, म्हणून चोकमधून ०.४३ ऐवजी ०.६५ च्या आसपास वीज अखंड वाहते आहे. वीज दीडपट झाली की तांब्यातली उष्णता दीडपट होत नाही, दीडाचा वर्ग होतो, म्हणजे सव्वादोनपट. रात्रभर तो चोक असा भाजत होता. आतला डांबरासारखा मसाला वितळून फळीवर उतरला. फळीवर बोटभर रुईचे तंतू साठलेले. जिनिंगमध्ये ते सगळीकडेच साठतात, कोळ्याच्या जाळ्यावर, पंख्यावर, माणसांच्या भुवयांवर. पहाटे फळी धुमसली, तंतू वातीसारखे पेटले आणि जळता तुकडा खाली रुईच्या ढिगावर पडला.

रुईच्या आगीवर पाणी ओतून भागत नाही. वरून विझल्यासारखी दिसते आणि आत धुमसत राहते. जळता भाग उपसून बाहेरच काढावा लागतो. बाबाजींनी तो हातांनी उपसला. फावडं शोधायला वेळ नव्हता. शेड वाचलं, गंज्या वाचल्या. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं मात्र वाकडी झाली ती सरळ झालीच नाहीत. मला कुणी काही म्हटलं नाही, बाबाजींनीही नाही. पण दुसऱ्या दिवशी तो काळा पडलेला चोक मी घरी नेला, आणि दहा वर्षांच्या धंद्यात पहिल्यांदा त्याच्यावर काय छापलं आहे ते वाचलं.

ते वाचता येणं हीच आजच्या बोलण्याची खरी बाब आहे. चांगल्या चोकवर दोन खुणा असतात. एक टी-डब्ल्यू, आणि तिच्यापुढे १३० असा आकडा. म्हणजे आतली तार १३० अंश सेल्सिअसपर्यंत तापली तरी चोक अखंड वापरात दहा वर्षं टिकावा अशी अपेक्षा. त्यावर साधारण आठ-दहा अंश वाढले की आयुष्य निम्मं होतं. दुसरी खूण डेल्टा-टी, तिच्यापुढे बहुधा ५५/१४० असे दोन आकडे. पहिला म्हणजे नेहमीच्या वापरात तार आजूबाजूच्या हवेपेक्षा किती अंश वर जाते, दुसरा म्हणजे स्टार्टर चिकटला तर किती वर जाते.

आता आपल्याकडचा हिशेब करा. वर्धा-नागपूरकडे मे महिन्यात सावलीत ४५-४६ अंश काही नवलाचे नाहीत. टिनाच्या शेडखाली छताजवळ दुपारी ६० धरा. बंद पट्टीच्या आत आणखी पंधरा. झाले ७५. त्यात ५५ मिळवले की बरोबर १३०. म्हणजे काहीही बिघाड नसताना आमच्या टिनाखालचा चोक रोज दुपारी आपल्या मर्यादेवर उभा असतो. ज्या थंड देशांत या वस्तूची घडण झाली तिथे खोलीत २५ अंश धरून चालतात. आणि फेब्रुवारीतल्या त्या रात्रीचा हिशेब असा, की हवा समजा ३०, त्यात १४०. एकूण १७०. वाळलेलं लाकूड तासन्‌तास एवढ्या उष्णतेला चिकटून राहिलं तर काळं पडून धुमसायला लागतं. चोकनं त्याच्यावर छापलं होतं तेवढंच केलं. फळीवर मी ठोकला होता.

भारतीय मानक ब्यूरोचं ट्यूबच्या चोकसाठी आय.एस. १५३४ हे मानक आहे, इलेक्ट्रॉनिक चोकसाठी आय.एस. १३०२१. त्यात काय काय तपासायचं हे सगळं आहे: इन्शुलेशन, तापमान, बिघाडाच्या अवस्थेतली उष्णता, ट्यूबला मिळणारी वीज. पण मानक चोकचं असतं, तो कुठे ठोकायचा हे बांधणाऱ्याच्या हाती. लाकडावर, प्लायवर लावायची फिटिंग त्यासाठी योग्य आहे का, हे सांगायला तिच्यावर उलट्या त्रिकोणात एफ अक्षराची खूण असे. ती नसेल तर मधे जागा सोडायची किंवा न जळणारी पाटी घालायची. जिनिंग, पिठाची गिरणी, डाळ मिल, जिथे धूळ-तंतू उडतात तिथे धूळबंद फिटिंगच हवी, आणि तीही महिन्या-पंधरा दिवसांनी पुसायला हवी. पुसण्याचं काम अंदाजपत्रकात कुणीच धरत नाही.

गिरणीचा विषय निघालाच आहे तर एक सांगून टाकतो. साध्या चोकवरची ट्यूब सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होते. डोळ्याला कळत नाही, पण फिरणारी पुली किंवा लेथचा चक त्या उजेडात कधीकधी थांबल्यासारखा दिसतो. थांबलाय समजून हात घालणारा माणूस मी पाहिलेला आहे. हात वाचला, पण योगायोगानं. म्हणून मोठ्या शेडमध्ये लागोपाठच्या ट्यूबा तीन वेगवेगळ्या फेजवर वाटतात, म्हणजे एक मंद असताना शेजारची तेज असते. नकाशावर एक रेघ मारण्याचं काम आहे.

कंडेन्सरबद्दल मात्र घरगुती मंडळींना फार काळजीचं कारण नाही. साध्या चोकवर ३६ वॅटची ट्यूब आणि दहा वॅट चोकचे मिळून ४६ वॅट खर्च होतात, पण तारेतून वीज वाहते ती ९९-१०० वॅटची असावी इतकी. पॉवर फॅक्टर जेमतेम अर्धा. घरचं मीटर युनिट मोजतं, त्याला याचं काही नाही. पण शंभर ट्यूबांच्या इमारतीत ४३ अँपिअरची केबल लागते ती साडेतीन मायक्रोफॅरडचे कंडेन्सर लावले तर २४ अँपिअरवर येते. कारखान्याच्या बिलातही फरक पडतो. तरी ठेकेदार पट्टीतून पहिली वस्तू काढत असे ती कंडेन्सर. दिवा तर लागतोच ना!

नव्वदीच्या दशकात इलेक्ट्रॉनिक चोक आमच्याकडे आले. वजन हातात घेतलं तर रिकामी डबी वाटावी असं. हा चोक विजेची गती सेकंदाला वीस-तीस हजार वेळा, किंवा त्याहून जास्त, अशी करून ट्यूबला देतो. गुणगुण नाही, टकटक नाही, स्टार्टर नाही, दहा वॅटचा तोटा तीन-चारवर आला, आणि आमच्या दृष्टीनं सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे दीडशे व्होल्टवरही ट्यूब लागायची. दहावीच्या पोरांच्या घरी मी हे चोक आधी लावले. पुढे २००६ साली ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचे तारे आले, ते सुरुवातीला फ्रिजवर आणि ट्यूबवर. गिऱ्हाईक तारे मोजून ट्यूब आणी आणि घरी जुन्याच तापणाऱ्या चोकवर चढवी. असो.

पण या हलक्या डबीनं दोन नव्या भानगडी आणल्या. एक म्हणजे हा चोक वीज सरळ ओढत नाही, तुकड्यातुकड्यानं ओढतो. त्यामुळे जी अशुद्धता तयार होते ती तिन्ही फेजची न्यूट्रलमध्ये एकत्र जमते, एकमेकींना छाटत नाही. पूर्वी न्यूट्रल बारीक घातला तरी चालून जाई, कारण तीन फेजचा भार सारखा असला की न्यूट्रल जवळजवळ रिकामा असे. आता तो फेजएवढाच जाड हवा. जिथे शेकडो दिवे आहेत अशा इमारतीत तर त्याहून जास्तच लक्ष द्यायला हवं.

दुसरी भानगड न्यूट्रल तुटण्याची. खांबावरचा किंवा मेन बोर्डातला न्यूट्रल सैल झाला, की काही घरांत दिवे मंद होतात आणि काही घरांत व्होल्टेज तीनशेच्या पुढे, पार चारशेच्या आसपासही जाते. जुना लोखंडी चोक असा मार थोडा वेळ सोसून नेई. इलेक्ट्रॉनिक चोक सोसत नाही. वादळाच्या एका संध्याकाळी आमच्या गल्लीतल्या अकरा घरांतले चोक एकाच मिनिटात गेले होते. लोक म्हणाले माल खराब. माल खराब नव्हता, जोड सैल होता.

आता तुम्ही म्हणाल, ही सगळी जुनी रडगाणी झाली, आमच्या घरी एलईडी आहे, त्याला कुठे चोक असतो? असतो, फक्त नाव बदललं आहे. ड्रायव्हर म्हणतात. एलईडीचाही स्वभाव ट्यूबसारखाच, व्होल्टेज जरासं वाढलं की वीज भलतीच वाढते. ती आवरून धरायला ड्रायव्हर लागतो. दिव्याच्या खोक्यावर २५ हजार किंवा ५० हजार तास लिहिलेलं असतं ते एलईडीचं आयुष्य. आधी मरतो तो ड्रायव्हर, आणि त्यातही बहुधा त्याच्यातला कंडेन्सर, उष्णतेनं वाळून. म्हणजे फिरून आपण १९८६ च्या हिशेबावरच आलो.

आणि आता ड्रायव्हर ठेवतात कुठे? पीओपीच्या छतावर. वर मे महिन्यात दिवसभर तापलेला स्लॅब, खाली पीओपी, मधे कोंडलेली हवा. त्यात कुणी गारव्यासाठी थर्माकोल अंथरलेला असतो, आणि ड्रायव्हर नेमका त्याच्यावर किंवा त्याच्याखाली. वर्षभरात दिवे लुकलुकायला लागतात. बदलायचं तर हात जात नाही. मग छत फोडा.

घर बांधताना किंवा दुरुस्ती काढताना पीओपीच्या आधी लाइटवाल्याला बोलवा, आणि त्याच्याबरोबर तुम्हीही ड्रायव्हरवरचं वाचा. टी-ए अशी खूण असते, म्हणजे आजूबाजूची हवा किती गरम चालेल. आपल्या भागात ५० पेक्षा कमी घेऊ नका. टी-सी अशी खूण असते, तिथे एक ठिपका छापलेला असतो, डबीवरच्या त्या जागेचं तापमान तेवढ्या आकड्याच्या आत राहायला हवं. किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत चालेल तो पट्टा पाहा. पॉवर फॅक्टर ०.९ च्या वर असावा. भारतीय मानक ब्यूरोचा आर अक्षरानं सुरू होणारा नोंदणी क्रमांक असावा, ड्रायव्हरचं मानक आय.एस. १५८८५, भाग २, विभाग १३. विजेच्या झटक्यापासून किती किलोव्होल्टपर्यंत बचाव आहे तेही विचारा. धातूच्या फिटिंगला अर्थिंगची तिसरी तार हवीच, आणि घरात मुळात अर्थिंग नीट असेल तरच तिचा उपयोग. ड्रायव्हर थर्माकोलपासून दूर, शक्यतो भिंतीकडच्या मोकळ्या जागेत, आणि प्रत्येक दोन-चार ड्रायव्हरमागे हात जाईल एवढं झाकण. मोठ्या हॉलमध्ये खूप ड्रायव्हर एकाच एमसीबीवर घातले तर बटण दाबताक्षणी सगळे मिळून जो हिसका घेतात त्यानं एमसीबी पडते. विभागून घाला, मोठी एमसीबी टाकून मोकळे होऊ नका.

जुन्या पट्टीत एलईडी ट्यूब बसवणाऱ्यांनी जरा थांबावं. काही एलईडी ट्यूबा जुन्या चोकबरोबर चालतात, त्यांच्यासोबत स्टार्टरच्या जागी लावायचा वेगळा तुकडा येतो. काहींना चोक आणि स्टार्टर काढून सरळ वीज द्यावी लागते. त्यातही काही एका टोकाला फेज-न्यूट्रल घेतात, काही दोन टोकांना. दोन टोकांच्या ट्यूबचं एक टोक होल्डरमध्ये आणि दुसरं हातात असलं तर हातातल्या पिनेत वीज येऊ शकते. म्हणून बटण नव्हे, मेन बंद करून मगच ट्यूब बसवा. आणि पट्टीचं वायरिंग बदललं तर वर कागद चिकटवून लिहून ठेवा, पुढे येणाऱ्या वायरमनचा जीव वाचेल.

चोकवाली ट्यूब आता जायच्या वाटेवर आहे. तिच्यात पारा असतो म्हणून मिनामाता करारातल्या देशांनी २०२३ साली जिनिव्हाच्या बैठकीत लांब ट्यूबांचं उत्पादन आणि आयात-निर्यात २०२७ सालाअखेर बंद करायचं ठरवलं. भारत या करारात आहे. जुन्या ट्यूबा फोडू नका, उकिरड्यावर टाकू नका. चोकचं तांबं भंगारवाला आनंदानं नेतो, ट्यूबला कुणी हात लावत नाही.

दोन वर्षांमागे बाबाजींच्या नातवानं सिंदीतच घर बांधलं. बाबाजी आता नाहीत. नातू नागपूरला नोकरीला, सुटीच्या दिवशी येऊन काम बघायचा. मला म्हणाला, "काका, एकदा पाहून जा न." मी गेलो तेव्हा पीओपीचा मिस्त्री शेवटचा हात फिरवत होता. छत खरंच सुरेख केलं होतं, मधे कमळ वगैरे. ड्रायव्हर कुठे आहेत विचारलं तर वर बोट दाखवलं. झाकण? झाकण नव्हतं. मिस्त्री म्हणाला, "भाऊ, भोक पाडलं तर डिझाईन बिघडते."

नातू माझ्याकडे बघत होता. मी त्याला जिनिंगची गोष्ट सांगितली, फळी कुणी ठोकली होती तेही सांगितलं. आजोबांची बोटं कापसाच्या आगीत भाजली एवढंच त्याला माहीत होतं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्यानं मिस्त्रीकडून पट्टी आणि पेन्सिल मागून घेतली, शिडीवर चढला आणि कमळाच्या दोन बाजूंना नऊ-नऊ इंचांचे दोन चौकोन स्वतः आखले.